बिल मालकाच्या नावे, नळ भाडेकरूच्या घरात

नाशिकच्या सिडकोत घर असणे म्हणजे एकाच घराचे तीन-चार मालक असल्यासारखे असते. सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० ची. अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांमुळे शहर वाढू लागले, तशी सिडकोने इथे सहा योजनांत घरे बांधली आणि त्या भागाला नवीन नाशिक हे नाव मिळाले. जमीन सिडकोची राहिली, घर भाडेपट्ट्याने लोकांकडे आले. नळाचे पाणी महापालिकेचे. घर ज्याला मिळाले तो गृहस्थ वारला किंवा दुसरीकडे राहायला गेला आणि घरात आता अंबडच्या कंपनीत काम करणारा भाडेकरू राहतो. पट्ट्यावर एक नाव, घरपट्टीवर दुसरे, पाणीपट्टीवर अजून वडिलांचेच, आणि बादली भरणारा चौथाच माणूस. अशा घराचे पाण्याचे बिल चुकले तर भांडायचे कुणी?

पवननगरचा असा एक फ्लॅट वडिलांमागे सांभाळणारी भाची आणि दुसऱ्या एका शहराच्या पाणीपुरवठा खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले तिचे मामा यांचा हा संवाद आहे. दोघांचे पटत नाही. मध्ये जिथे मला राहवले नाही तिथे मी बोललो आहे.

भाची : मामा, बिलाच्या या चार महिन्यांत घर बराच काळ बंद होतं. जुने भाडेकरू गेले, मी रंग काढला, मग नवीन कुटुंब राहायला आलं. आणि बिल बघा. लग्नघर असावं इतकं पाणी वापरलेलं दाखवलंय. मी यातला एक रुपया भरणार नाही.

मामा : रक्कम नंतर बघू. बिलावर मागचं वाचन आणि चालू वाचन असे दोन आकडे असतात, ते सांग.

भाची : मागचं ७२२, चालू ९१२.

मामा : म्हणजे १९० युनिट. एक युनिट म्हणजे हजार लिटर. चार महिन्यांत एक लाख नव्वद हजार लिटर, दिवसाला जवळजवळ सोळाशे. आता हे ताडून बघ. शहरांच्या पाणीपुरवठ्याचा हिशेब माणशी दिवसाला १३५ लिटर धरून करतात. चार माणसांच्या घराला ५४० लिटर, महिन्याला सोळा युनिट, चार महिन्यांना पासष्ट. तुझं घर माणसांनी भरलेलं असतं तरी बिल तिप्पट झालं असतं. आणि मीटर आज काय दाखवतो?

भाची : नवीन भाडेकरूंनी फोटो पाठवलाय. ८४० आणि पुढे लाल आकडे.

मामा : लाल आकडे सोड, ते युनिटच्या आतले. काळे आकडे खरे. कित्येकदा वाचणारा लाल आकडासुद्धा युनिटात धरतो आणि बिल दहापट होतं. तुझ्या बिलात ते झालेलं नाही. पण आज मीटर ८४० वर असताना मागच्या महिन्यात तो ९१२ वर असूच शकत नाही. म्हणजे बिलावरचं चालू वाचन कुणी मीटरवर वाचलेलंच नाही. तो अंदाज आहे.

भाची : अंदाजाने बिल काढायचा अधिकार आहे कुणाला?

मामा : तात्पुरता आहे. वाचायला माणूस येतो, दाराला कुलूप. किंवा चेंबरवर विटा रचलेल्या, मीटरची काच आतून धुरकटलेली, आकडा दिसत नाही. मग मागच्या वापराची सरासरी लावतात. पुढच्या खेपेला खरं वाचन मिळालं की फरक वळता करायचा, अशी ती रीत आहे. एका फेरीपुरती ती बरोबर आहे. मी स्वतः अशी शेकडो बिलं काढलीत.

भाची : आणि किती वळती केलीत? सरासरीवर सरासरी चढत जाते मामा. पहिल्या चुकीच्या आकड्याची सरासरी दुसऱ्या बिलात, दुसऱ्याची तिसऱ्यात. माणूस पोटतिडकीने ऑफिसात गेला तरच ती थांबते. जो जात नाही तो भरत राहतो.

मामा : हे खरं आहे. मी नाकारत नाही. पण ९१२ चा आकडा हाती आल्यावर तू रागावून बसलीस. मी असतो तर खूश झालो असतो. वापर जास्त का दाखवला यावर वाद घालता येतो, मीटर मागे गेला का यावर घालता येत नाही.

भाची : तरी आधी खात्री करून घेऊ. खरंच गळत असेल तर?

या ठिकाणी मामांनी जे सांगितले ते जसेच्या तसे देतो, कारण बिल चुकीचे आहे असे म्हणणाऱ्या बहुतेकांनी हे केलेले नसते आणि कार्यालयात पहिला प्रश्न हाच येतो.

मामा : नळाला पाणी यायच्या वेळी हे करायचं, एरवी करून उपयोग नाही. टाकी भरू द्यायची. भरली की फ्लोट व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो. घरातल्या सगळ्या तोट्या बंद. मग मीटरवरची छोटी चांदणी बघायची. ती स्थिर असेल तर मीटरनंतर गळती नाही. फिरत असेल तर फ्लोट व्हॉल्व्ह खराब आहे आणि टाकीच्या ओव्हरफ्लोमधून पाणी छपरावरून गटारात चाललंय, नाहीतर भिंतीत पाइप सडलाय. मीटरनंतरची गळती ही मालकाची. ते पाणी कुणी प्यालं नसलं तरी मोजलं गेलं. मीटरच्या अलीकडची गळती पुरवठा करणाऱ्याची, ती तुझ्या बिलात येतच नाही. दुसरी परीक्षा बादलीची. वीस लिटरच्या दहा बादल्या थेट नळावर भरायच्या. दोनशे लिटर झाले. मीटर एक पंचमांश युनिट पुढे गेला पाहिजे. खूप जास्त गेला तर मीटर तपासायला द्यायचा अर्ज करायचा.

भाची : आणि हवा? भाडेकरूंची बायको सांगत होती, पाणी यायच्या आधी नळ फुसफुसतो आणि मीटर गरगर फिरतो.

मामा : बरोबर बघितलं त्यांनी. पाणी दिवसाचे थोडे तास येतं, बाकी वेळ पाइप रिकामा. पाणी सुटलं की आतली हवा पुढे ढकलली जाते, ती मीटरमधून बाहेर पडते, आणि मीटरच्या पंख्याला हवा आणि पाणी यातला फरक कळत नाही. टोकाच्या घरांना, उंचावरच्या घरांना हा त्रास जास्त. पण नुसत्या हवेने १९० युनिट होत नाहीत. तुझ्या अर्जात हवेचा मुद्दा घालू नकोस. एक भक्कम मुद्दा असताना चार कच्चे जोडले की समोरचा कच्च्यावरच बोट ठेवतो.

भाची : हे तुमच्या खात्याचं शहाणपण झालं. मला वेगळंच म्हणायचंय. चोवीस तास पाणी असतं तर हवा आलीच नसती. कऱ्हाडजवळचं मलकापूर बघा. तेव्हा नगरपंचायतीचं छोटं गाव होतं. तिथे २००९ च्या सुमारास चोवीस तास पाणी सुरू झालं, घरोघरी मीटर बसले, तेही लांबून वाचता येणारे. म्हणजे कुलूप असलं तरी वाचन मिळतं, सरासरीचा प्रश्नच येत नाही. जास्त वापराला चढता दर लावला. लोकांनी आपणहून गळत्या बंद केल्या. मलकापूरला जमतं ते मोठ्या शहरांना का जमू नये?

मामा : मलकापूरच्या लोकांनी आधी मीटर मान्य केला, हे विसरू नकोस. मोठ्या शहरांत मीटर बसवायला माणूस आला की सोसायटीच्या दारात अडवतात. पितळेचे मीटर चोरीला जातात. मीटरला वळसा घालून पाइप टाकलेले मी माझ्या डोळ्यांनी बघितलेत, आणि बंगले चांगले मोठे होते. मग ज्यांचा मीटर चालू आहे त्यांच्यावर सगळा भार येतो.

भाची : तेच म्हणतेय मी! प्रामाणिकपणे मीटर चालू ठेवला ही माझी चूक झाली का?

मामा : चूक नाही. पण बिल न भरणं हा त्याचा उपाय नाही. आपल्या पाण्याचा विचार कर. गंगापूर, दारणा, मुकणे या तीन धरणांवर हे शहर पितं. ते पाणी नाशिकचं एकट्याचं नाही. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असला तर वरच्या धरणांतून खाली पाणी सोडावं लागतं. मराठवाड्यातल्या माणसाच्या तोंडचं पाणी आणि आपल्या नळाचं पाणी यांचा हिशेब एकाच नदीत होतो. महापालिकेला धरणातलं कच्चं पाणी फुकट मिळत नाही, जलसंपदा खात्याला पैसे मोजावे लागतात. शुद्धीकरण, पंप, वीज वेगळी. सगळ्यांनीच वाद काढून बिलं थांबवली तर पंप कशावर चालणार?

भाची : मामा, गोदावरीच्या पाण्याचा थेंब न् थेंब मोजला पाहिजे, हे मला मान्य आहे. म्हणून तर मी चिडलेय. धरणातून किती सोडलं ते घनफुटात मोजायचं आणि माझ्या दारात मात्र अंदाजाने लिहायचं? मोजणी खोटी असेल तर काटकसर करणाऱ्याला काय कळणार की त्याने वाचवलं? माझ्या भाडेकरूंनी उद्या अर्धं पाणी वाचवलं तरी बिल सरासरीचंच येणार.

मामा काही वेळ बोलले नाहीत. मला वाटते, या एका मुद्द्यावर भाचीचे म्हणणे वरचढ आहे. पाणी वाचवा असे फलक लावायचे आणि वाचवलेल्या पाण्याची नोंद करायची नाही, यात फलकावरचे शब्दही वाया जातात. चुकीचे बिल हा केवळ एका घराच्या पैशाचा प्रश्न नाही. मोजमापावरचा विश्वास गेला की माणूस मीटरकडे बघणेच सोडून देतो आणि मग मीटर असून नसल्यासारखा होतो.

पण पुढे जे झाले त्यात मामा बरोबर होते, आणि तिथे मी पूर्णपणे त्यांच्या बाजूचा आहे.

भाची : एक सोपा मार्ग आहे. पाणी मी वापरत नाही. नवीन भाडेकरूंना सांगते, बिल तुम्ही भरा, नळ तुमच्या घरात आहे, ऑफिसात तुम्हीच जाऊन भांडा. नाहीतर जुन्यांच्या डिपॉझिटमधून कापून घेते. काही रक्कम अजून माझ्याकडे आहे.

मामा : जुन्यांनी घर सोडलं तेव्हा मीटरचा आकडा लिहून घेतला होतास?

भाची : नाही.

मामा : मग कशाच्या आधारावर कापणार? ज्या बिलाला तू स्वतः खोटं म्हणतेस त्याचे पैसे त्या माणसाकडून घेणार? ऑफिसने तुझ्यावर अंदाज लादला म्हणून तुला राग आला, तू तोच अंदाज त्याच्यावर लादणार. आणि नवीन कुटुंब तर त्या काळात तिथे राहतच नव्हतं.

भाची : मग माझ्याच गळ्यात राहणार का हे?

मामा : हो. कायद्यानंही तिथेच आहे. आपल्या महापालिका १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमावर चालतात. मिळकत भाड्याने दिलेली असली तर तिच्या कराची पहिली जबाबदारी भाड्याने देणाऱ्यावर. पाण्याची थकबाकी त्याच मार्गाने वसूल होते. नळजोडणी घराला चिकटलेली असते, माणसाला नाही. भाडेकरू अकरा महिन्यांनी जाईल, थकबाकी तिथेच राहील. उद्या हे घर विकायला काढलंस तर थकबाकी नसल्याचा दाखला तुलाच लागेल. आणि अजून एक. रागाच्या भरात कधी नळ बंद करायचं डोक्यात आणू नकोस.

भाची : तसं कशाला करीन मी?

मामा : लोक करतात. भाडं थकलं, बिल थकलं की वरच्या टाकीचा कॉक फिरवतात. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात कलम २९ आहे. भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा पुरेशा कारणाशिवाय घरमालकाला तोडता येत नाही, आणि त्यात पाणी स्पष्ट लिहिलेलं आहे. वकील म्हणतील, लिव्ह अँड लायसन्सवाला हा भाडेकरू नव्हे, लायसन्सी. ते कोर्टात म्हणोत. त्या घरात लहान मूल आहे ना? पाण्यावरचं भांडण पाणी पिणाऱ्यापर्यंत जाऊ द्यायचं नाही, ही मालकाची जबाबदारी आहे.

भाची : मान्य. पण मग मी लढू कशी? मी नाशिक रोडला राहते, मीटर पवननगरला. वाचायला माणूस कधी येतो मला कळत नाही. बिल तिथल्या दाराच्या कडीत खोचून जातात.

मामा : तुझा साक्षीदार त्याच घरात राहतो. मीटर रोज त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. आज ८४० चा फोटो त्यांनीच पाठवला ना? तोच तुझा सगळ्यात मोठा पुरावा आहे.

इथे मला थांबून सांगायचे आहे. घरमालक भाडेकरूकडे संशयाने बघतो: हा भिंतीला खिळे ठोकेल, डिपॉझिट मागेल, पाणी वाया घालवेल. दूर राहणाऱ्या मालकाला मात्र मीटरवर लक्ष ठेवणारा दुसरा माणूस मिळणे शक्यच नाही. तरीही पुष्कळ मालक त्याला पुढे आणत नाहीत आणि त्याचे कारण पाण्यात नसून घरपट्टीत आहे. नाशिकची घरपट्टी करयोग्य मूल्यावर ठरते आणि घर भाड्याने दिलेले असले की हे मूल्य चढते. २०१८ साली आयुक्त तुकाराम मुंढे यांच्या काळात करयोग्य मूल्याच्या दरवाढीवरून शहर किती तापले होते ते इथल्या लोकांना आठवते. त्यामुळे मालक विचार करतो की पाणीपट्टीच्या तक्रारीला गेलो आणि कुणी विचारले, घरात कोण राहते, तर दोन रुपये सोडवायला जाऊन दहा बसतील. म्हणून तो चुकीचे बिल मुकाट भरतो. भाडेकरू लपवणारा मालक आपला साक्षीदार लपवतो, आणि साक्षीदार लपवला की बिलातला कोणताही आकडा खरा मानावा लागतो. भाड्याचा करार नोंदवलेला, घरपट्टीत घर भाड्याचे म्हणून दाखवलेले, असा मालकच काउंटरसमोर ताठ उभा राहू शकतो. ताठ उभे राहण्याची ही किंमत आहे आणि ती द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

भाची : आमचा करार नोंदवलेला आहे, ते बरं झालं.

मामा : फार बरं झालं. त्याच भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदलेला हवा, नोंदवायची जबाबदारी मालकाची, आणि तो नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. पाणीपट्टी कुणी भरायची हीसुद्धा अटच आहे. तुझ्या करारात काय आहे?

भाची : ‘वीज व पाणी बिल लायसन्सीने भरावे’, एवढंच.

मामा : कोणत्या आकड्यापासून कोणत्या आकड्यापर्यंत, ते नाही. विजेच्या मीटरचा आकडा सगळे लिहून घेतात, पाण्याचा कुणी घेत नाही.

भाची : बरं, आता मुद्द्यावर या. तुम्ही म्हणता पैसे भरावेत. किती?

मामा : जितकं खरं वाटतं तितकं. ७२२ ते ८४० म्हणजे ११८ युनिट मीटरवर खरोखर आहेत. ते वापरले गेलेत, जुन्यांनी, रंगाऱ्यांनी, नव्यांनी. वाद वरच्या ७२ युनिटांचा. पत्रात ११८ ची रक्कम भरायची तयारी लिहायची, आणि बाकीची दुरुस्त करून मिळेपर्यंत त्यावर विलंब आकार लावू नये अशी मागणी करायची.

भाची : खिडकीवर अर्धी रक्कम घेत नाहीत. ऑनलाइन भरायला गेलं तर पूर्ण आकडाच येतो. ‘आधी भरा, पुढच्या बिलात वळतं होईल’, हे एकच उत्तर मिळतं. एकदा पैसे गेले की वळतं करायची घाई कुणाला राहते? पैसे माझ्याकडे असेपर्यंतच माझ्या पत्राला वजन आहे.

मामा : पैसे अडवून बसलीस की तुझं नाव थकबाकीदारांच्या यादीत जातं. वादातलं घर आणि बुडव्याचं घर यात संगणकाला फरक दिसत नाही. मार्चमध्ये वसुलीची पथकं निघतात तेव्हा ती यादीच घेऊन येतात आणि नळ तोडून जातात. मग तुझ्या भाडेकरूंच्या घरी पाणी नाही, आणि तुझं पत्र टेबलावर.

भाची : आणि अपिलात गेले तर?

मामा : १९४९ च्या कायद्यात कलम ४०६ आहे, कराच्या आकारणीविरुद्ध न्यायाधीशांकडे अपील. पण मुदत थोडी, आणि मागितलेली रक्कम आधी जमा करावी लागते.

भाची : म्हणजे चूक त्यांची, आणि दाद मागायला पैसे आधी माझे.

मामा : तसंच आहे. म्हणून तिथपर्यंत जाऊ द्यायचं नाही. ऐक. एक पानाचं पत्र. ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, बिलाची तारीख. दोन ओळी : बिलावर चालू वाचन ९१२, आज अमुक तारखेला मीटरवर ८४०. फोटो जोड, मीटर क्रमांक फोटोत दिसला पाहिजे. मागणी एकच, प्रत्यक्ष वाचन घेऊन बिल दुरुस्त करून द्यावं. विभागीय कार्यालयात आवक शाखेत द्यायचं आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यायचा. तोंडी बोलणं बोलणाऱ्याबरोबर जातं, शिक्क्याची पोच राहते.

भाची : आणि शिक्का घेऊनही काही झालं नाही तर?

मामा : २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. शहरांच्या यादीत नादुरुस्त मीटरची तक्रार ही अधिसूचित सेवा आहे, पाणी देयक तयार करणं हीसुद्धा. ठरलेल्या मुदतीत झालं नाही तर त्याच कार्यालयात पहिलं अपील, मग दुसरं, मग आयोग. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. दुसरं, माहितीचा अधिकार. दहा रुपये आणि एक अर्ज. मागायचं एवढंच : त्या फेरीच्या वाचन नोंदीची प्रत. ९१२ हा आकडा कुणी, कोणत्या दिवशी वाचला? नोंदीत ‘कुलूपबंद’ असा शेरा निघाला की तुझं काम झालं.

भाची : यात महिने जातील.

मामा : जातील. लोकअदालतीचाही रस्ता आहे. राष्ट्रीय लोकअदालतीत घरपट्टी-पाणीपट्टीची दाखलपूर्व प्रकरणं ठेवतात. तिथे समोरासमोर बसून आकडा ठरतो, कोर्ट फी नाही.

भाची : तिथे तडजोड होते मामा. मला तडजोड नको, दुरुस्ती हवी. चुकीच्या आकड्यातून थोडी सूट देऊन उपकार केल्यासारखं नको. अभय योजना आल्या की दंड माफ होतो, तो वर्षानुवर्षं न भरणाऱ्याला. ज्याने बिल चुकलं म्हणून पहिल्याच महिन्यात सांगितलं त्याला काय मिळतं?

मामा : यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी नोकरीत असतानाही नव्हतं.

भाची : मग तुम्ही पूर्ण रक्कम भरायला का सांगता?

मामा : पूर्ण नाही सांगत. ११८ ची भर म्हणतो. खिडकीवर घेत नसतील तर त्या रकमेचा डीडी पत्राला जोड. ‘हक्क राखून भरणा’ असं पत्रात लिही. मग तुला बुडव्या कुणी म्हणणार नाही.

सोसायट्यांच्या बाबतीत हा सगळा प्रकार आणखी अवघड होतो, तो थोडक्यात सांगतो. शहराच्या नव्या भागात इमारतीला एकच जोडणी असते आणि बिल फ्लॅटवार वाटले जाते. तिथे बंद घराच्या मालकाला वाटते की मी पाणी वापरलेच नाही, मग मी का देऊ? सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पाण्याचा आकार प्रत्येक घरातल्या नळांच्या संख्येवर आणि आकारावर वाटायचा आहे, माणसे मोजून किंवा घर उघडे आहे की बंद ते बघून नाही. भाडेकरू ठेवला म्हणून पाण्याचे जादा पैसे लावता येत नाहीत. बिनभोगवटा शुल्क असते, पण ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच, आणि पाणीपट्टी त्या सेवा शुल्कात मोडत नाही. नाशिकमध्ये १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या इमारतीही पुष्कळ आहेत. तिथे वाटणी इमारतीच्या घोषणापत्रातल्या (डीडमधल्या) टक्केवारीवर होते. म्हणजे सोसायटीत राहणाऱ्याने चुकीच्या बिलाचे भांडण एकट्याने न्यायचे नसते, चेअरमन-सेक्रेटरींनी इमारतीच्या मीटरचे फोटो ठेवायचे असतात. सिडकोतल्या स्वतंत्र अर्ध्या इंची नळाचे त्या मानाने बरे, तिथे एकच मीटर आणि एकच घर.

भाची : एक अडचण राहिली. बिल अजून बाबांच्या नावावर आहे. मागे एकदा चौकशीला गेले तर पहिला प्रश्न हाच, तुम्ही कोण?

मामा : हे तू पहिल्या वाक्यात सांगायला हवं होतंस. सिडकोकडे वारसा हक्काने हस्तांतर झालंय का?

भाची : झालंय. घरपट्टीवरही नाव लागलं. पाण्याचं राहून गेलं.

मामा : सिडकोत असे शेकडो नळ असतील. घर पॉवर ऑफ अटर्नीवर दोनदा हातबदल झालं आणि नळ अजून पहिल्या माणसाच्या नावे. सगळं सुरळीत असेपर्यंत चालतं. तक्रारीच्या दिवशी मात्र तक्रारदाराचं नाव आणि बिलावरचं नाव जुळत नाही, आणि चांगला मुद्दा असून कागद परत येतो. मालकी हक्कात बदल हीसुद्धा लोकसेवा हक्काच्या यादीतली सेवा आहे. दोन्ही अर्ज एकाच दिवशी दे. तक्रारीच्या पत्राला सिडकोच्या हस्तांतराची प्रत आणि घरपट्टीची पावती जोड, म्हणजे तू कोण हा प्रश्न पहिल्या खेपेलाच मिटेल.

भाची : तरी मामा, जिला हे पत्र लिहिता येत नाही, जिला तुमच्यासारखे मामा नाहीत, तिने काय करायचं? आमच्या शेजारच्या काकूंचं बिल माझ्यापेक्षा मोठं आहे. त्या म्हणतात, सरकारी कागद आहे, खरंच असेल.

मामा : त्यांच्याही मीटरचा फोटो काढ आणि जाताना त्यांचं पत्र बरोबर घेऊन जा. दोन घरांची तक्रार एका घराच्या तक्रारीपेक्षा लवकर वाचली जाते.

भाची : ते मी करते. पण सरासरीची पद्धतच चुकीची आहे हे मी पत्रात लिहिणार. तुम्ही म्हणालात एकच मुद्दा ठेव, तरी लिहिणार.

मामा : मी लिहिलं नसतं. पण तू लिही, शेवटच्या परिच्छेदात. वरती फक्त ९१२ आणि ८४०.

जुन्या भाडेकरूंचे डिपॉझिट त्याच संध्याकाळी पूर्ण परत करायचे ठरले. नव्या करारासाठी दोघांनी मिळून जी अट लिहिली ती अशी : ताबा देण्याच्या दिवशी पाण्याच्या मीटरचे वाचन फोटोसह नोंदवावे, लायसन्सीने दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फोटो पाठवावा, ताबा ते ताबा या दोन वाचनांमधल्या फरकाइतकीच पाणीपट्टी त्याने द्यावी, बिल आणि वाचन यांत तफावत आढळल्यास तक्रार मालकाने करावी आणि तिचा निकाल लागेपर्यंत वादातली रक्कम लायसन्सीकडून मागू नये. शेवटचे कलम भाचीने घातले. मामांनी त्यात ‘पाणीपुरवठा कोणत्याही कारणाने बंद करू नये’ एवढे शब्द वाढवले.